स्वच्छ ऐकू आलं

“हलू नकोस,” आप्पा म्हणाले. “तू श्वास घेतलास तरी खरखर येते.”

आई खिडकीपाशी उभ्या होत्या. उजव्या हाताला कणीक लागलेली आणि डाव्या हातात वायरीचं टोक. एसटीत दांडी धरावी तसा तो हात खांद्याच्या वर धरलेला. टीपॉयवर रेडिओ, रेडिओसमोर आप्पा, आणि रेडिओतून एक मुलगी उसाच्या लागणीबद्दल अगदी स्पष्ट बोलत होती.

“बघितलंस, निरंजन? याला म्हणतात स्टेशन लागणं.”

“आई, थोडी डावीकडे सरकून बघ ना,” निरंजन सोफ्यावरून म्हणाला. निरंजन म्हणजे माझा नवरा. त्याला उसातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वडिलांनी काही काढलं की आपणही त्यात एक सूचना करायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय.

“सरकू नकोस!” आप्पा ओरडले.

आई सरकल्या नाहीत. “कणीक वाळतेय,” एवढंच म्हणाल्या.

“कणकेचं काय एवढं? परत भिजवता येते.”

मी मसूरकरांची सून होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही कराडजवळ आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याला राहायचो. डोंगराच्या पलीकडच्या कॉलेजने त्या साली स्वतःचं छोटं एफएम केंद्र सुरू केलं होतं. गावात ते खणखणीत लागायचं. आमच्या सोसायटीत मात्र डोंगर आडवा यायचा आणि नुसतं तेलात पापड टाकल्यासारखं ऐकू यायचं. त्यावाचून आमचं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण त्या केंद्राने आईंना बोलायला बोलावलं. गावातल्या साध्यासुध्या माणसांनी यायचं आणि आपल्या आयुष्यातलं काहीतरी सांगायचं, असा तो कार्यक्रम होता. ‘माझ्याच तोंडून’ त्याचं नाव. आईंचं रेकॉर्डिंग होऊन गेलं होतं आणि ते येत्या शनिवारी संध्याकाळी लागणार होतं.

आई काय बोलल्या हे घरात कुणी विचारलंच नाही, असं म्हटलं तर अन्याय होईल. आप्पांनी विचारलं होतं. “काय, घारगे का?” असं विचारून उत्तरासाठी न थांबता ते माळ्यावर चढले, जुन्या टीव्हीची चपटी वायर शोधायला. आईंचे लाल भोपळ्याचे घारगे नातेवाइकांत प्रसिद्ध होते. त्यामुळे त्या घारग्यांवरच बोलल्या असणार, हे सगळ्यांनी धरून टाकलं. माझ्या नणंदेने, अश्विनीताईने, पुण्याहून फोन करून “गूळ किती ते नीट सांगितलंस ना गं?” एवढीही चौकशी केली. आई म्हणाल्या, “ऐकशील तेव्हा कळेल.” ताई म्हणाली, “इथे कुठे लागतंय ते!” आणि विषय संपला.

आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी वायरींत गेलेली. सोसायटीत कुणाच्या घरातली बेल बिघडली तरी लोक त्यांचा सल्ला घ्यायला यायचे. मी भीत भीत सुचवलं होतं की बाजारात घरात ठेवायच्या अँटेना मिळतात, आपण एक आणू या का? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात प्लास्टिकचा गणपती बसवायला सांगत होते.

“ऋजुता, अँटेना काय दुकानातून आणायची वस्तू आहे? ती जागेवर करायची असते. जागा बघून.”

मग त्यांनी जागा बघितली. चपट्या वायरीचा इंग्रजी टी तयार केला आणि त्याची आडवी बाजू दिवाणखान्याच्या भिंतीवर चुका मारून ताणून बसवली. ती वायर आमच्या लग्नाच्या फोटोच्या बरोबर वरून गेली. फोटोत मी आणि निरंजन वाळत घातल्यासारखे दिसायला लागलो. खरखर तशीच राहिली. तेव्हा फ्रिजमुळे खरखर येते असं निदान झालं आणि संध्याकाळी फ्रिज बंद ठेवायचं ठरलं. फ्रिजनंतर ट्यूबलाइट, मग मिक्सर, मग माझा चार्जर. फ्रिज परत चालू करायची आठवण आप्पांना राहायची नाही, त्यामुळे दूध नासायचं. आई त्याचं पनीर करायच्या. आठवडाभर पनीर खाल्ल्यावर आप्पा कौतुकाने म्हणाले, “हल्ली बरंच काय काय करायला लागलीस!”

आईंना खिडकीपाशी उभं करायचा शोध अपघाताने लागला. त्या पडदा सारायला गेल्या, लोंबणाऱ्या वायरीला त्यांचा हात लागला आणि रेडिओ एकदम बोलायला लागला. मी धरली तर जेमतेम लागायचं, निरंजनने धरली तर मुळीच नाही. आईंनी धरली की स्वच्छ. “हिच्या अंगातच काहीतरी आहे,” आप्पा म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चाचणी सुरू झाली. आप्पा रेडिओ लावायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे, “हेमा, ये जरा. धर.”

एकदा त्या वायर सोडून परत आल्यावर मी विचारलं, “आई, खरंच काय बोललात तुम्ही? मला तरी सांगा.”

त्यांनी कणकेवर पाण्याचा हात फिरवला. माझ्याकडे बघून हसल्या. रोज सकाळी देवळात जाऊन आल्यावर त्यांचे केस ओले असायचे आणि त्यांना फिनेलसारखा वास यायचा. देवळाची फरशी पुसायची सेवा त्यांनी घेतली असावी, असा माझा समज होता.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी माझे गुडघे—”

“हेमा! ये जरा. धर!”

त्या गेल्या.

शुक्रवारी पुण्याहून जावई आले. अश्विनीताई आणि परागराव. परागराव सॉफ्टवेअरमध्ये होते आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी पंधरवडाभर तिचा अभ्यास करायचे. त्यांच्या घरातला टोस्टरसुद्धा असा तावून सुलाखून आलेला होता. त्यांनी सोबत एक चकचकीत खोकं आणलं होतं. त्यातून काळ्या रंगाची, चपटी, पुस्तकाएवढी वस्तू निघाली. तिला वायर, वायरीला डबी, डबीला आणखी एक वायर.

“बूस्टरवाली इनडोअर अँटेना आहे, आप्पा. सिग्नल घेते आणि मोठा करून देते. हजारो लोकांनी पाच तारे दिलेत.”

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “ते हजारो लोक आगाशिवच्या मागे राहतात का?”

“तसं नाही. पण हिचं तत्त्वच वेगळं आहे. तुमची आहे ती पॅसिव्ह. ही अॅक्टिव्ह.”

“परागराव, मी भरपावसात खांबावर चढून लाइनी चालू केल्यात. मला पॅसिव्ह म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

“तुम्हाला नाही हो! अँटेनाला म्हटलं.”

“ती मी केली आहे.”

परागरावांनी बूस्टर लावून दाखवला. खरखर होती, ती चौपट झाली. आप्पांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की दिवाळीतसुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. “मोठा करून देते खरी,” ते म्हणाले. परागराव म्हणाले की जागा चुकतेय. मग ती काळी वस्तू टीव्हीवर, शोकेसमध्ये, तुळशीपाशी, शेवटी संडासाच्या खिडकीत जाऊन आली. ताई म्हणाली, “अरे, आईच्या कार्यक्रमासाठीच चाललंय ना हे?” दोघेही एकदम म्हणाले, “मग कशासाठी चाललंय!”

शनिवारी सकाळपासून दोघांचं बोलणं बंद होतं. बोलायचं असलं की निरंजनमार्फत. “त्यांना सांग, डबीचा दिवा लाल आहे म्हणजे प्लग नीट बसलेला नाही.” “त्यांना सांग, दिवे मोजायची नोकरी मी कधी केली नाही.” निरंजन इमाने इतबारे दोन्हीकडे निरोप पोचवत होता. शेवटी त्यानेच तडजोड काढली. आधी आप्पांची अँटेना लावायची आणि कार्यक्रम रंगात आला की परागरावांची. दोन्ही ऐकून घरच्यांनी ठरवावं कुठली सरस. ही तडजोड दोघांनाही पसंत पडली. कार्यक्रम कुणाचा होता, हे तोवर सगळ्यांच्या डोक्यातून गेलेलं होतं.

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमलो. फ्रिज बंद, दिवे बंद, सगळ्यांचे मोबाइल बंद. अंधारात रेडिओचा तेवढा तांबडा काटा दिसत होता. आईंनी नवी हिरवी साडी नेसली होती. रेडिओवर बोलणाऱ्या बाईने घरात ऐकताना चांगली साडी का नेसावी हे मला तेव्हा कळलं नाही, पण त्या नटल्या होत्या खऱ्या. त्या माझ्याशेजारी खुर्चीवर बसायला गेल्या.

“हेमा,” आप्पा म्हणाले, “धर.”

आई जराशा थांबल्या. मग उठून खिडकीपाशी गेल्या आणि वायर हातात घेऊन उभ्या राहिल्या. खरखर गेली. सनईचा एक तुकडा वाजला आणि निवेदिकेचा आवाज आला, “नमस्कार. ‘माझ्याच तोंडून’मध्ये आज आपल्यासोबत आहेत श्रीमती हेमलता मसूरकर.”

“काय स्वच्छ आलंय!” आप्पा म्हणाले. “शेजारी बसून बोलल्यासारखं! परागराव, ऐका!”

रेडिओतून आई म्हणाल्या, “नमस्कार. माझं वय एकसष्ट—”

“आवाज जरा बारीक आहे,” परागराव म्हणाले. “बेस नाही. आता माझी लावतो, फरक बघा.”

“अजून कार्यक्रम रंगात आलेला नाही!”

“सुरुवातीलाच तुलना केली तर—”

“हात लावू नका!”

अंधारात कुणी काय ओढलं कोण जाणे. टीपॉय कलंडला, डबीचा दिवा हिरवा झाला आणि रेडिओतून असा काही आवाज निघाला की ताईने कानांवर हात ठेवले. आप्पा म्हणाले, चूक उपटली गेली. परागराव म्हणाले, मुळात भिंतीत चुका मारतं का कुणी? निरंजन म्हणाला, “आई, तू जरा उजवीकडे सरकून बघतेस का?”

मी आईंकडे बघितलं. त्यांनी वायर हळूच खाली सोडली. भाजी ढवळून झाल्यावर डाव बाजूला ठेवावा इतक्या सहज. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरायला लागल्या. मागून आप्पांचा आवाज येत होता, “हेमा, हलू नकोस!”

मी त्यांच्यामागे धावले.

सोसायटीच्या पुढे हायवेला लागून चौक होता. तिथे डोंगराचा अडथळा नव्हता. चौकात शमीमभाभींचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. आम्ही पोचलो तेव्हा भाभींनी मशीन थांबवलेलं होतं. दुकानात आणखी चारपाच बायका ऐकत बसल्या होत्या. आई दारात दिसताच भाभी उठल्या. “अरे, आयीच आली! बसा, बसा. तुमचाच चाललाय.” त्यांनी कापडाचे तुकडे बाजूला सारून स्टूल पुढे केलं. आई त्यावर मांडीत हात घेऊन बसल्या आणि स्वतःचं बोलणं ऐकू लागल्या.

“...डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यांसाठी पोहायला जा,” रेडिओतल्या आई सांगत होत्या. “माझं माहेर नदीकाठचं. पण पोहायचे ते भाऊ. आम्ही बहिणी घाटावर धुणं धुवायचो. पाण्याची मला भीतीच. म्हटलं, घरी विचारून बघावं. सांगायला घेतलं तर नेमका गॅसचा सिलिंडर आला. पुन्हा एकदा सांगायला घेतलं तेव्हा मॅचची शेवटची ओव्हर होती. मग मी एवढंच म्हटलं, की सकाळी जरा बाहेर जात जाईन. आमचे हे म्हणाले, ‘देवळात ना? जा.’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.”

बायका खो खो हसल्या. माझ्या डोक्यात तो फिनेलचा वास उलगडला. कॉलेजच्या मागे नवा पोहण्याचा तलाव झाला होता. सकाळी तिथे बायकांची बॅच असायची.

“पहिल्या दिवशी पाण्यात डोकं घातलं आणि जीव घाबरला. वर आले. परत घातलं. मग लक्षात आलं, की आत काही ऐकूच येत नाही. कुणी हाक मारत नाही. मला ते फार आवडलं. महिनाभर मी नुसती डोकं घालून बाहेर काढत होते. पोहायला त्यानंतर लागले.”

निवेदिकेने विचारलं, आता किती पोहता? आई म्हणाल्या, “आता तलाव पुरत नाही. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मालवणला समुद्रात पोहायची स्पर्धा आहे. साठीच्या पुढच्या गटात मी नाव दिलंय. एक किलोमीटर आहे. तलावावरच्या मॅडम सोबत येणार आहेत. घरी अजून सांगितलेलं नाही. पण हे लागेल तेव्हा आमचे सगळेजण रेडिओभोवती गोळा झालेले असतील, म्हणून इथूनच सांगते. अहो, मी मालवणला जाणार आहे. दोन दिवसांची भाजी करून ठेवीन.”

शमीमभाभींनी टाळी वाजवली आणि आईंना मिठी मारली. आई लाजल्या, पण फार नाही.

परत येताना मला हसू आवरत नव्हतं. “आई, तुम्ही घरच्यांना रेडिओवरून सांगितलंत?”

“समोरासमोर सांगितलं असतं तर वाक्य पुरं झालं असतं का? रेडिओ बरा. त्याला मधे अडवता येत नाही.” चार पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, “पण बहुतेक घरी ऐकू गेलं नाही. आता परत सांगायला हवं.” त्यांचा आवाज एकदम थकलेला वाटला. “तुला काही करायचं झालं ना, ऋजुता, तर सरळ सांगून टाकत जा. इतकी वर्षं थांबू नकोस.”

जिन्यातच वरून बोलणं ऐकू आलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे किणीकरकाका दारात उभे होते. सोसायटीत लागत नाही म्हणून ते गाडी घेऊन हायवेवर गेले होते आणि काकूंसोबत गाडीत बसून सगळा कार्यक्रम ऐकून आले होते.

“काय मसूरकर, तुमच्या अँटेनाचं काय झालं? आलं का काही ऐकू?”

मी आणि आई वळणावर थांबलो. आप्पांच्या मागे परागराव उभे होते. त्यांच्यादेखत ‘नाही’ म्हणायचं म्हणजे आख्खी नोकरी पाण्यात.

“न यायला काय झालं?” आप्पा म्हणाले. “स्वच्छ ऐकू आलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“शेवटचं माझ्या बूस्टरवर,” परागराव म्हणाले. “त्यामुळे जास्त स्वच्छ.”

“वा! आणि तुम्हाला काही वाटलं नाही ते ऐकून?”

“वाटायचं काय त्यात? उत्तम बोलली. अगदी प्रमाणासकट.”

“प्रमाणासकट? अहो मसूरकर, धन्य आहे तुमची! माझी बायको या वयात समुद्रात उडी घेते म्हणाली असती ना, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. एक किलोमीटर! मालवणला! आणि तुमची परवानगी आहे?”

त्या वेळचा आप्पांचा चेहरा मी खालून पाहिला. घारगे खायला बसलेल्या माणसाच्या ताटात जिवंत मासा यावा, तसा तो दिसत होता. त्यांनी परागरावांकडे बघितलं. परागराव आढ्याकडे बघत होते. दोघांनाही सुटायची एकच वाट होती, ‘आम्हाला काही ऐकू आलं नाही’ असं म्हणायची. दोघांनीही ती घेतली नाही.

“परवानगी कसली,” आप्पा म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, “मीच म्हटलं, जा.”

“आणि जावईबापू गाडीने नेणार असतील!”

“म्हणजे काय,” परागराव म्हणाले, “ठरलंच आहे आमचं.”

आई पुढे झाल्या, पायऱ्या चढून दारात आल्या आणि म्हणाल्या, “किणीकर, आत या ना. चहा टाकते.”

पुढचा आठवडा आप्पांना फार जड गेला. दूधवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, बँकेतली मुलगी, सगळे त्यांचं अभिनंदन करायचे आणि ते मान डोलवायचे. शिकलेला, सुधारलेल्या विचारांचा नवरा म्हणून गावात त्यांचा बोलबाला झाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका बाईंनी त्यांचं उदाहरण देऊन आपल्या नवऱ्याला चारचौघांत गप्प केलं. प्रश्न एवढाच होता, की बायको नेमकं काय करणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

एकदा बँकेतून आल्यावर ते मला बाल्कनीत घेऊन गेले. “ऋजुता, तू त्या दिवशी ऐकलंस का गं? म्हणजे मी ऐकलंच. पण मधलं एखादं वाक्य निसटलं असावं.”

“मधलं वाक्य तसं बरंच मोठं होतं, आप्पा. आईंनाच विचारा ना.”

ते विचारू शकत नव्हते. मग जेवताना आडून आडून खडा टाकायचे. “तर मग, कधी निघायचंय म्हणालीस?” आई वाढता वाढता म्हणायच्या, “रेडिओवर सांगितलं ना मी.” आप्पा म्हणायचे, “हो, हो. ते ऐकलं.” आणि भाताकडे बघत बसायचे. परागराव तर पुण्याहून निरंजनला फोन करून विचारत होते, मालवणला नेमकं कोण पोहणार आहे?

आम्ही शनिवारी परागरावांच्या गाडीने फोंडा घाटातून उतरलो. वाटेत अँटेनाचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर ही गर्दी. आई तलावावरच्या मॅडमसोबत पुढे गेल्या आणि परत आल्या त्या अंगभर काळा पोहायचा पोशाख, डोक्यावर केशरी टोपी, दंडावर शाईने लिहिलेला नंबर, अशा. आप्पांनी त्यांना असं कधीच पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, “हेमा, चष्मा?” आई म्हणाल्या, “पर्समध्ये आहे. सांभाळा.” आणि पर्स त्यांच्या हातात देऊन गेल्या.

शिट्टी झाली. सगळ्या केशरी टोप्या पाण्यात शिरल्या आणि बघता बघता एकसारख्या दिसायला लागल्या. आप्पा पर्स छातीशी धरून उभे होते.

“कुठली ती?” ते विचारत होते. “ऋजुता, ती कुठली?”

मलाही ओळखू येत नव्हत्या. मी उगीच एक टोपी दाखवली. त्यांनी तिच्यावर नजर लावली. थोड्या वेळाने तीच टोपी मागे पडली, थांबली, आणि बाजूने फिरणारी बोट तिच्याकडे वळली. बोटीतल्या दोघांनी वाकून त्या बाईला पाण्यातून वर ओढलं.

आप्पा चालायला लागले. बुटांसकट, पँटसकट, सरळ पाण्यात. निरंजन हाका मारत मागे धावला, पण लाटेचा आवाज मोठा होता. मी त्यांना गाठलं तेव्हा पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि पर्स डोक्यावर होती.

“मी सोडायलाच नको होतं,” ते म्हणत होते. “मला माहीत असतं तर सोडलंच नसतं. मला माहीतच नव्हतं गं.”

बोट किनाऱ्याला लागली. उतरली ती कुणी उंचशी, गोरी बाई होती, पायात गोळा आलेली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि पाण्यातच उभे राहिले.

आई बऱ्याच उशिरा आल्या. त्यांच्या गटातल्या तिघीचौघी केव्हाच बाहेर पडून टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. आई मागून, सावकाश, एकेक हात टाकत, जराही घाई न करता आल्या. पायाला वाळू लागल्यावर उभ्या राहिल्या, टोपी काढली, आणि मांडीभर पाण्यात पर्स घेऊन उभा असलेला नवरा त्यांना दिसला.

“बूट काढायचे होते की,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी मेडल आणून गळ्यात घातलं. ते पुरं करणाऱ्या सगळ्यांनाच मिळत होतं. परागराव फोटो काढत होते, त्यासाठी कुठल्या कोनात उभं राहावं हे निरंजन सांगत होता. मी आईंच्या पाठीवर टॉवेल टाकला. त्या वाळूत बसल्या. आप्पाही शेजारी बसले, ओल्या पँटसकट.

“हेमा,” आप्पा म्हणाले, “त्या दिवशी मला रेडिओवर काहीही ऐकू आलं नव्हतं.”

“माहीत आहे मला.”

“कसं माहीत?”

“ऐकू आलं असतं तर गप्प बसला असतात का?”

आप्पांनी पर्समधून चष्मा काढला, सदऱ्याच्या कोरड्या टोकाला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

“मग आता सांग,” ते म्हणाले.

आई दात वाजवत, केस पिळत सांगायला लागल्या. गुडघ्यांपासून. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तिथपासून. सिलिंडरचं सांगितलं, मॅचचं सांगितलं, पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं तेव्हाचं सांगितलं. आप्पा ऐकत होते. तलाव किती खोल ते आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि “पण” म्हणाले. आईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. तो “पण” आप्पांनी गिळला. आप्पांना असं काही गिळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आई पुढे सांगू लागल्या.